मामा यायलाय

आमच्या भागात पत्रिकेवर छापलेल्या वेळेला कोणी लग्न लावत नाही. लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत नेतात, त्याला आम्ही परण्या म्हणतो. नाचणाऱ्यांची हौस फिटेपर्यंत मुहूर्त कधीच टळून गेलेला असतो. म्हणून बाबांनी जर्मनीतल्या माझ्या मामाला फोनवर बिनधास्त सांगून टाकलं होतं, "आरामात या. दोनच्या आत काय लग्न लागत न्हाई."

मामा उमरीचा. नोकरीसाठी तिकडे गेला आणि तिकडचाच झाला, पण दर रविवारी त्याचा फोन ठरलेला. उमरीत कोणाकडे पाहुणे आले, हे लातूरला आम्हाला कळायच्या आधी त्याला कळायचं. जाताना मला म्हणाला होता, "माय, तुझ्या लग्नात मागं मीच उभारणार. दुसरा कोणी दिसला तर बघ." नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ही आमच्याकडची रीत. त्याचं ते बोलणं मी लहानपणापासून जपून ठेवलं होतं.

पण माझे होणारे सासरे निघाले रेणापूरचे निवृत्त हेडमास्तर, घड्याळाचे भक्त. त्यांनी परण्या झटपट उरकला आणि मुहूर्ताच्या आधीच नवरदेवाला कार्यालयात आणून उभं केलं. आमच्याकडची निम्मी मंडळी अजून आंघोळीला बसलेली. मामाला फोन लावला, तर हैदराबादहून निघालेली त्याची गाडी नळेगावात रस्त्याच्या कामात अडकली होती.

"चुलतमामा उभारतील की," आई म्हणाली. चुलतमामा फेटा बांधून तयारच होते. मी खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

आता हसू येतं, पण तेव्हा मी दाराला पाठ लावून बसून राहिले. बाहेर कुजबुज वाढत गेली. "पोरीच्या मनात दुसरंच काही हाय का?" असं कोणीतरी म्हणालं आणि पाठोपाठ आईचं रडणं ऐकू आलं. बाबा दारावर थापा मारत होते. लग्न मोडलं तर दोष कोणाच्या माथी येणार, हे मला पुरतं कळत होतं. तरी हात कडीकडे जाईना. मामानं सातासमुद्रापलीकडून यायचं आणि माझ्या मागे दुसराच माणूस उभा बघायचा, हे मला सहन झालं नसतं.

मग थापा थांबल्या. सासरे स्वतः दाराशी आले होते.

"काय अडचण हाय, पोरी?"

"मामा यायलाय."

"कुठवर आलाय?"

"नळेगाव."

त्यांची पावलं दारापासून लांब गेली. मला वाटलं, झालं, आता सगळे माघारी चालले. मग ते कोणाला तरी म्हणाले, "बँडवाल्याला सांगा, परण्या पुन्हा काढायचाय. आणि सावकाश काढा म्हणावं."

मामा आला तो चुरगळलेल्या कपड्यांतच. चुलतमामांनी स्वतःचा फेटा उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवला. मंगलाष्टकं चालू असताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. ज्वारीच्या अक्षदा आमच्या दोघांवर पडत होत्या. "लई हट्टी हायस," तो कानाशी म्हणाला. इतकी निर्धास्त मी त्यानंतर कधीच झाले नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मामा तिकडेच गेला. अंत्यविधीची वेळ लगेच ठरली आणि माझा व्हिसा काही येईना. थोडं थांबता येईल का, असं मी मामीला विचारलं. तिनंही तिथल्या अंत्यविधीच्या लोकांना विचारून पाहिलं. नाही म्हणाले.

लातूरच्या घरात आई आणि मी फोन समोर टेकवून अंत्यविधी बघायला बसलो. ठरल्या मिनिटाला सुरुवात झाली. पेटीच्या मागे काळ्या कोटातली चार माणसं उभी होती. त्यातलं एकही आमचं नव्हतं.

आईनं माझं मनगट धरलं. "त्यांला जरा थांबा म्हण की," ती म्हणाली. "आम्ही यायलाव म्हण."

मी खरंच तसं म्हणाले. पण आमच्या बाजूचा आवाज त्यांनी बंद ठेवला होता.