सोऱ्यातलं विमान

गेल्या मंगळवारी मी शिकवते त्या बालवाडीत चकलीचा सोऱ्या घेऊन गेले. दिवाळीला अजून अवकाश होता, पण मुलांना विमानाचं इंजिन दाखवायचं कबूल करून बसले होते...

त्याच सकाळी माझ्या लेकीचा, ऋचाचा फोन आला. ती तिकडे लांब विमान चालवायला शिकतेय. म्हणाली, "आई, आज बहुतेक मला एकटीला सोडतील. शेजारी सर नसणार. चल, जाते." आणि फोन ठेवला.

'जाते' म्हणाली... आमचं घर दर्यावर्दी माणसांचं. ऋचाचे बाबा आत्ताही बोटीवर आहेत. आमच्याकडे निघणारा माणूस कितीही घाईत असला तरी 'येतो' म्हणूनच निघतो. ही कार्टी नेमकी आजच विसरली.

परत फोन लावला तर बंद. उडताना बंदच ठेवतात, हे मला माहीत आहे. तरी शाळेच्या दारापर्यंत लावत राहिले.

वर्गात गेले आणि सुरुवात केली. सोऱ्याचं भांडं म्हणजे सिलिंडर, आत सरकतो तो दट्ट्या म्हणजे पिस्टन. छोट्या विमानात बहुधा असे चार असतात. दट्ट्या मागे सरला की हवा आणि पेट्रोल आत येतं, पुढे आला की ते दाबलं जातं. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि दट्ट्या जोरात मागे ढकलला जातो. पुन्हा पुढे येताना तो धूर बाहेर हाकलतो.

शिलाई मशीनवर आईचा पाय वरखाली हलतो, पण चाक गोल फिरतं ना? तसंच दट्टे एक दांडा फिरवतात. दांड्याच्या टोकाला पंखा, पंखा हवा मागे लोटतो आणि विमान पुढे जातं.

मग चार मुलांचे दट्टे केले. आत घे, दाब, ढुम, फू... सगळ्यांच्या एकामागून एक उठाबशा. वर्ग खिदळत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात मिरकरवाडा बंदरावरची निधी उभी राहिली. तिच्या बाबांची मासेमारीची होडी आहे. "बाई, मधीच बंद पडलं तर? आमची होडी बंद पडली की दुसरी होडी ओढून आणते. वरती कोण ओढणार?"

इतके महिने ऋचाला जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते या पोरीने सरळ विचारलं...

मग ऋचानेच कधीतरी आपणहून सांगितलेलं आठवत आठवत बोलले. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे प्लग दोन असतात. एक रुसला तर दुसरा असतो, आणि उडायच्या आधी जमिनीवरच दोन्हीकडची ठिणगी तपासतात.

"आणि दोन्ही रुसले तर?"

"तरी विमान नारळासारखं धपकन पडत नाही. घार कशी पंख न हलवता तरंगत खाली येते, तसं येतं. तेवढ्यात मोकळं शेत शोधायचं. माझी ऋचा तेच शिकतेय... आज ती एकटीच वर आहे."

कसं कोण जाणे, ते तोंडातून निघून गेलं. निधीने माझ्याकडे नीट बघितलं. "आमची आई पण असंच घड्याळ बघते, बाबा दर्यात गेले की." मग खाली बसता बसता म्हणाली, "येल ती, बाई."

मधल्या सुट्टीत खाऊचे डबे उघडत होते, तेव्हा फोन वाजला. ऋचाचा मेसेज, एकच शब्द.

"आले."

तिथेच बाकावर बसले आणि डोळे पुसले. निधीला सांगितलं, तर तिने मान डोलावली आणि पोळीचा घास घेतला.

ऋचा पुन्हा उडेल. तेव्हा घड्याळाकडे बघत मी निधीचंच वाक्य म्हणेन... येल ती, बाई.