होडीतलं आमेन

भाट्याची खाडी ओलांडणाऱ्या होडीत ती मासेवाली नेहमी भेटे. ती आमच्याच प्रार्थनामंदिरातली. टोपलीवर भाकरी ठेवून ती मोठ्याने प्रभूचे आभार मानी आणि मधेच खुदकन हसे. मी बाप्तिस्मा घेतल्याचं गावापासून आणि घरच्यांपासून लपवलेलं. डोळ्यात कचरा गेल्याचं सोंग करून प्रार्थना उरकायचो आणि दिवसभर मनात कुढायचो.

एकदा होडीत माझे थोरले बंधू होते. तिची प्रार्थना संपली आणि प्रार्थनामंदिरातल्या सवयीने माझ्या तोंडून खणखणीत ‘आमेन’ गेलं.

“तुमचा धीर होत नव्हता, मास्तर,” ती हसत म्हणाली, “मग प्रभूनंच काढून घेतलं तोंडातनं.” आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

“कधीपासनं हे?” दादांनी विचारलं.

“पाच वर्षं झाली, दादा,” मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना.