रेघेवर बसवलेला ठिपका

"नऊ? वर्षाची पोर आणि वजन नऊ? छे!" कार्ड हातात धरून मी मोठ्यानंच म्हणालो.

साठच्या दशकातली गोष्ट. जयनगरला एका आरोग्य संशोधन ऑफिसात मी स्टॅटिस्टिकल असिस्टंट होतो. नवा होतो, आणि नव्या विद्येचा भलताच ताठा होता. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. पोरगा आकड्यांत कधी चुकत नाही, असं वडील गल्लीभर सांगत फिरायचे.

काम असं होतं. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या वस्तीत नर्स पार्वतक्का मुलांची वजनं घ्यायच्या. आम्ही ग्राफवर खाली वय, बाजूला वजन धरून प्रत्येक मुलाचा एक ठिपका द्यायचो. मग हँडल फिरवायच्या मशीनवर हिशेब करून, सगळ्या ठिपक्यांना जमेल तितकी जवळची अशी एक सरळ रेघ काढायची. हेच लिनियर रिग्रेशन. जे मूल रेघेच्या फार खाली, त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीत. डॉक्टर एकच होते, म्हणून यादी.

त्या वर्षाच्या पोरीचा, रत्नाचा, ठिपका पार तळाला गेला. कार्डांवर वजन पौंडांत असायचं, पण नुकतेच किलोचे काटे यायला लागले होते. मी म्हटलं, अरेच्चा, अक्कांनी किलो लिहिलेत! नऊ किलो म्हणजे वीस पौंड. खोडून वीस केलं. ठिपका बरोब्बर रेघेवर! काय आनंद झाला मला, सांगू.

आमचे साहेब पुण्याचे. ग्राफ बघून म्हणाले, "फिट छान आलाय, रेघ ठिपक्यांना अगदी धरून आहे. हे खोडलंय काय?"

"युनिटची चूक होती, सर. सुधारली."

"नर्सना विचारलंत?"

"उघडच आहे, सर."

"बरं," म्हणाले, आणि सही केली.

महिन्यानं पार्वतक्का कार्डांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आल्या.

"रत्नाचं कार्ड काढून ठेवा, अण्णा. पोर गेली."

"अक्का, ते नऊ... किलो नव्हते?"

"किलोचा काटा आमच्याकडे आलाय कुठे अजून? पौंडच ते. मी तिच्या आईला सांगितलं होतं, ऑफिसात नंबर गेलाय, स्वल्प थांब, डॉक्टर येतील. रोज पोरीला घेऊन रस्त्यावर उभी राहायची बिचारी."

मी खोडलेला आकडा दाखवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाल्या, आणि नवी कार्डं टेबलावर ठेवून निघून गेल्या.

साहेबांनी रिपोर्टात चूक स्वतःच्या नावावर घेतली. मी वीस खोडून पुन्हा नऊ लिहिले आणि हँडल फिरवायला बसलो. हिशेब तीनदा करून पाहिला. फिट बिघडला होता.

पुढे ॲनालिसिस ऑफ व्हेरिअन्स शिकलो आणि शिकवलंही. मुलांमुलांच्या वजनांतला फरक किती वस्तीमुळे, किती घरामुळे, याची ती वाटणी. वाटून जे उरतं, त्याला आम्ही 'एरर' म्हणतो. फळ्यावर तो शब्द लिहिताना दरवेळी रत्ना आठवायची.

विद्यार्थ्यांना एकच सांगायचो, आकडा पटला नाही तर ज्यानं लिहिला त्याला जाऊन विचारा. जयनगरहून बेळ्ळंदूर सायकलवर तासाभराचं अंतर. नऊचे वीस केले त्या दिवशी माझी सायकल जिन्याखालीच उभी होती.