एक वांगं, तीन शिफ्टा

मंडळी, टेमघरला आमच्या गच्चीवर आज सकाळी एक वांग्याचं रोप मरता मरता वाचलं. निदान सध्या तरी.

रोप शेजारच्या शैलावहिनींचं. पानं पिवळी, फुलं गळालेली. नजर लागली म्हणून त्यांनी लिंबू-मिरचीही बांधून पाहिली. आज उपटायलाच आल्या होत्या. मी कुंडीत बोट घातलं तर आत निव्वळ चिखल.

"पाणी कोण घालतं?"

"मीच. नळ आला की लगेच."

रात्रपाळी करून आलेले त्यांचे यजमान म्हणाले, "मी पण घालतो ना, पॉवरलूमवरून आलो की."

वहिनींच्या सासूबाई सूर्याला अर्घ्य देत होत्या. पाणी पायदळी जाऊ नये म्हणून नेमक्या त्याच कुंडीत. "माझा काय, एक तांब्या तर हाय."

म्हणजे मुळांना श्वास घ्यायला सुट्टीच नाही. मी म्हटलं, "अति सर्वत्र वर्जयेत्." संस्कृत ऐकून सासूबाईंनी भक्तिभावाने हात जोडले आणि तांब्यातलं उरलेलं पाणीही तिथेच ओतलं.

शेवटी माती सुकेपर्यंत पाणी बंद करायचं ठरलं. मात्र ते दुसऱ्याने बंद करावं, असं तिघांचंही मत पडलं.

तुमच्या घरी पाणी न घालण्याची ड्युटी कोणाकडे असते?