जाऊबाईंची बेकारी

बायका जावेच्या दागिन्यांवर जळतात म्हणे. मी माझ्या थोरल्या जावेच्या बेकारीवर जळत होते, आणि चांगले सात-आठ महिने जळत होते. तिला समोर 'वहिनी' म्हणते, अहो-जाहो करते. मनातल्या मनात मात्र ती 'ती'च.

आमच्या दोघींच्या नोकऱ्या एकाच महिन्यात गेल्या. तिची कॅनडात, माझी इथे दोहात. मी अल नस्र भागातल्या एका लहानशा ऑफिसात हमद पोर्टला उतरणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं बघायचे. आठ वर्षं बघितली. एका गुरुवारी मॅनेजरने आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं आणि काम कमी झालंय म्हणाला. खलास. दोघा पुरुषांचा व्हिसा कंपनीचा होता, म्हणजे नोकरी गेली की देश सोडायचा. त्यांनी महिनाभर धावाधाव केली, मग सोफा-फ्रिज विकायला काढले आणि एक केरळला, दुसरा मनिलाला गेला. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, म्हणून मी राहिले. मी टॅक्सी करून ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी आले आणि रोजच्यासारखी लेकीच्या स्कूलबसची वाट बघत खाली उभी राहिले.

शनिवारी संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो. नाशिकहून सासूबाई, कॅनडातून दीर-जाऊ आणि इथून आम्ही. त्या शनिवारी सासूबाईंनी थोरलीसाठी डोळ्यांना पदर लावला. एवढी शिकलेली बाई, परक्या देशात, कसं होणार हिचं, देवापुढे दिवा लावलाय म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझं एक बरं झालं हो. तुझी दगदगच होत होती. आता पोरीकडे लक्ष दे."

म्हणजे तिची गेली ते संकट आणि माझी गेली ती सवड! मी कॅमेऱ्यासमोर गोड हसले. नंतर कणीक अशी तिंबली की नवरा स्वयंपाकघरात डोकावून गेला.

त्यात तिचा तो क्लेम. तिकडे नोकरी गेली की सरकार काही महिने भत्ता देतं, आणि त्यासाठी दर पंधरा दिवसांनी कॉम्प्युटरवर फॉर्म भरावा लागतो. काम केलंत का? काम शोधलंत का? उद्या बोलावलं तर जायला तयार आहात का? दर कॉलला ती त्या फॉर्मच्या नावाने बोटं मोडायची. काय मेली कटकट, म्हणायची. नवऱ्याला वाटायचं, मी तिच्या भत्त्यावर जळते. आग लागो त्या भत्त्याला! मी जळत होते त्या तीन प्रश्नांवर. तिला पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी विचारत होतं. मला माझ्या घरात एकदाही कोणी विचारलं नव्हतं. लेक तर खूशच होती. "मम्मा, यू आर ऑलवेज होम नाऊ," म्हणायची आणि गळ्यात पडायची. तिच्यावर काय रागावणार?

नवरा गॅस प्लांटवर इंजिनियर. आकडे त्याला भारी प्रिय. तिकडे किती जण क्लेम करतात त्याची संख्या जाहीर होते, त्यावरून नोकऱ्यांची हवा कळते, असं त्याने मला चहा पिता पिता समजावलं. आपल्याकडे कतारमध्ये तर बेकारी जवळजवळ नाहीच, हेही वर सांगितलं. मी विचारलं, मग मी कुठे आहे? तो म्हणाला, तू त्यात येत नाहीस ना.

मी पर्समधून इथलं रहिवासाचं कार्ड काढून बघितलं. माझ्या फोटोशेजारी 'हाऊसवाइफ' लिहिलेलं. आठ वर्षं मी याच कार्डावर नोकरीला जात होते. कामाचा परवाना वेगळा होता, तो गेला. कार्डाला माझी नोकरी लागल्याचंही कळलं नाही आणि सुटल्याचंही. आणि माझ्या ऑफिसातले ते दोघे? नोकरी होती तोवर कामकऱ्यांत मोजले गेले, सुटली तेव्हा विमानात बसले. बेकार माणूसच जागेवर ठेवायचा नाही, मग बेकारी दिसेल कुठून? नवऱ्याला म्हटलं तर म्हणाला, तुझं आपलं काहीतरीच.

मग एका शनिवारी कॉलवर नवऱ्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, वहिनी, तुमच्याकडे क्लेमचा आकडा उतरलाय, कालच वाचलं, आता तुमचंही काम होणार बघा. सासूबाईंनी हात जोडले. ती 'हो ना' म्हणाली आणि हसली. कॉल संपल्यावर पाचच मिनिटांत माझा फोन वाजला. एकटी तीच होती.

"त्या उतरलेल्यांत मी आहे गं," ती म्हणाली. "माझी मुदत संपली. भत्ता बंद, फॉर्म बंद. काम कुठे मिळालंय?"

सोमवारी सवयीने कॉम्प्युटर उघडून बसले होते, म्हणाली. विचारायला कोणीच नव्हतं.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. आलीस ना शेवटी माझ्या पंगतीला, असंच वाटलं. पण ती फोन ठेवेना. तेव्हा माझ्या तोंडून भलतंच निघालं. "वहिनी, या पंधरवड्यात काम केलंत का?"

ती हसली. नाही म्हणाली. शोधलं का विचारलं, तर सतरा ठिकाणी म्हणाली. मग तिने तेच तीन प्रश्न मला विचारले. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं अशा किती जागी मी अर्ज टाकले होते ते मी तिला सांगितलं.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही एकमेकींचा फॉर्म भरायला लागलो. घरात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. माझं जळणं थांबलं असं समजू नका. तिला दोन इंटरव्ह्यूला बोलावलं तेव्हा मी तिला शुभेच्छा दिल्या आणि रात्रभर कुशी बदलल्या.

गेल्या रविवारी मी पहिला प्रश्न विचारला.

"केलं गं," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारपासून जातेय."

मी इतक्या जोरात अभिनंदन म्हटलं की लेक खोलीतून बाहेर आली. आता ती खरोखरची सुटली होती. नवऱ्याचा तो उतरलेला आकडा आता तिच्यापुरता तरी खरा झाला होता. आता ती कशाला विचारते मला, असं वाटून तिने फोन ठेवायच्या आत मीच ठेवायला निघाले.

"थांब," ती म्हणाली. "तुझा फॉर्म राहिलाय."

तिने एकेक करून विचारलं. काम केलंस? नाही. शोधलंस? हो.

"उद्या बोलावलं तर जाशील?"

मी म्हटलं, "उद्या कशाला, वहिनी? आत्ता बोलावलं तर कणकेच्या हातांनी निघेन."