हात सोडा, काका!

बरकतपुऱ्याच्या एका छोट्या हार्ट क्लिनिकात मी ईसीजी काढायचे. शर्ट काढून माणूस आडवा झाला की त्याचा हुद्दाही शर्टाबरोबर खुंटीवर जातो. मग किस्से न मागता साठत राहतात!

*

अफझलगंजचे एक दणकट व्यापारी तारा बघूनच उठून बसले. "करंट देते क्या, अम्मा? मेरेकू नक्को!"

"मशीन कुछ नहीं देती, चाचा. आपके दिल में जरासी बिजली रहती, उसकूच कागज पे उतारती."

"घर में दिनभर बिजली नहीं, और दिल में है बोलते!" म्हणत ते आडवे झाले.

*

परदेशी माल खुला झाला आणि आमच्याकडे नवं जपानी मशीन आलं, पाठोपाठ एसी. मशीनच्या महागड्या कागदाला डॉक्टर जिवापाड जपत. एकदा रेघ सारखी दातेरी येऊ लागली. मी जेली पुसून पुन्हा लावली, तारा तपासल्या. बघते तर पेशंट एसीत कुडकुडतोय! स्नायूंचीही वीज असतेच, ती हृदयाच्या रेघेत घुसते.

"एसी बंद कर! कागद फुकट गेला!" डॉक्टर ओरडले.

*

चिक्कडपल्लीच्या नारायणकाकांच्या हाताला कंप होता. सुशीलाकाकूंचं हृदय अशक्त, म्हणून ते त्यांना नेहमी ईसीजीला आणायचे आणि हात काही सोडायचे नाहीत. काकूंचा हात हले, तार हले, रेघ नाचे.

"हात सोडा, काका! तुमची थरथर काकूंच्या कागदावर येते," डॉक्टर दर वेळी म्हणायचे.

"लग्नापासून यांचं सगळं माझ्याच नावावर येतंय हो!" काकू हसायच्या. काका ओशाळून दाराशी जाऊन उभे राहायचे.

*

एका दुपारी काकूंना रिक्षातून आणलं तेव्हा श्वास नव्हता. डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबली, इंजेक्शनं दिली. मग ते थांबले. माणूस गेला असं सांगण्याआधी सरळ रेघेचा ईसीजी काढायची आमची पद्धत. मी तारा लावल्या. मला रडू आवरत नव्हतं. रेघ सरळ निघाली.

तेवढ्यात काका आत आले आणि त्यांनी काकूंचा हात धरला. रेघ नाचायला लागली.

"चालू आहे ना हो?" कागदाकडे बघत त्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. कागद सरकत राहिला आणि संपला.

"नवा रोल लाव," डॉक्टर मला म्हणाले.