सगळ्यांचं पेव

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. मुलानं फोन घेतला, ‘कधी?’ एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. मी म्हटलं, कशानं गेले? त्याला माहीत नव्हतं. पुन्हा फोन लावायला लावला, तर तिकडंही कुणाला माहीत नव्हतं. झोपेतच गेले म्हणे. रडू यायच्या आधी माझ्या मनात हेच आलं, की आपण कशानं मेलो हे कळल्याशिवाय हा माणूस गेलाच कसा... माझे हे धाकटे दीर, शिवमूर्ती, डॉक्टरला हात लावू द्यायच्या आधी डॉक्टरचीच उलटतपासणी घेत. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. लोक त्यांना जुने कम्युनिस्ट म्हणून ओळखायचे आणि भारी चौकस म्हणूनही. पण पंचविशीत ते मुळीच चौकस नव्हते. तेव्हा त्यांच्याकडं नुसती उत्तरंच होती. हे प्रश्न त्यांना कुठून लागले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

निजामाच्या राजवटीत मी जळकोटाहून लोहाऱ्याजवळच्या त्या गावात नवरी होऊन आले. भाऊजी तेव्हा हैदराबादला शिकत होते. उर्दूत शिकून पोरगा तहसिलीत पेशकार होईल असं घरात सगळ्यांनी धरलेलं. आले ते डिग्रीवाचून, पुस्तकांची ट्रंक घेऊन, आणि गळ्यातलं लिंग काढून ठेवून. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस जेवल्या नाहीत. मला मात्र या सगळ्याची गंमत वाटायची. संध्याकाळी भाऊजी गोठ्यात माणसं जमवून रशियाच्या गोष्टी सांगत. तिथं जमीन सगळ्यांची, देशमुख नाही, वेठ नाही, सगळे मिळून राबतात नि सगळे मिळून खातात. एक म्हातारा म्हणाला, ही तर आपली इर्जिकच की. एकाच्या रानात साऱ्यांनी औत घालायचं आणि त्यानं जेवण घालायचं. पण इर्जिक एका दिवसाची असते, रोज म्हटल्यावर जेवण कोण घालणार? भाऊजींनी त्याला जे उत्तर दिलं ते तासभर चाललं आणि कुणालाच कळलं नाही. मी भिंतीआडून विचारलं, तिकडं भाकरी कोण थापतं? ते हसून म्हणाले, वहिनी, तुमचा प्रश्नच चुकीचा आहे. मला तो अजूनही बरोबर वाटतो.

त्या वर्षी लेव्हीनं जीव नकोसा केला होता. पिको न पिको, सरकारला ठरलेली ज्वारी घालायचीच. जो तो उरलेली ज्वारी आपल्या पेवात दडवायचा. पेव म्हणजे जमिनीत खोदलेला, आत फुगीर नि तोंडाशी निमुळता खड्डा. तोंड मातीनं लिंपून टाकलं की आतलं धान्य वर्षं न वर्षं टिकतं. पण सरकारी माणसं लोखंडी पहार घेऊन घरोघर जमीन ठोकत फिरायची आणि पोकळ आवाज आला की खोदायची. तेव्हा भाऊजींनी डोकं लढवलं. घरातली पेवं रिकामी ठेवायची आणि गावाबाहेर कडब्याच्या गंजीखाली सगळ्यांचं मिळून एकच पेव करायचं. कुणी किती घातली ते बघायचं नाही, ज्याला जेवढी लागेल तेवढी त्यानं न्यायची. नऊ घरं तयार झाली. आमच्याच घरात मात्र दोन दिवस भांडण. माझा नवरा म्हणे, तुझ्या रशियात ठेव तुझी ज्वारी. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, घालून तर बघू. मला खरंच बघायचं होतं, की नऊ घरांची ज्वारी एक झाल्यावर माणसं कशी वागतात. माझ्या शब्दावर आमच्या घरची आषाढानंतरची सगळी भाकरी त्या खड्ड्यात गेली. बुडाली असती तर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा नव्हती.

आषाढ आला आणि कुजबुज सुरू झाली. ज्वारी कुजली म्हणे, भाऊजींनी रातोरात विकली म्हणे. चिडून त्यांनी एका सकाळी पेवाचं तोंड फोडायला लावलं. पेव उघडलं की आधी सटवा उतरायचा, अशी गावची रीत. सटवा वेशीबाहेरच्या वस्तीतला, दोर वळणारा. कोंडलेल्या धान्यानं पेवातली हवा विषारी होते, म्हणून एक दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तर माणूस सोडायचा. भाऊजींना दिवसभर थांबायचं नव्हतं आणि सटवाला तर उतरवायचंच नव्हतं.

“मालक, आजून वारं फिरलं न्हाय,” सटवा म्हणाला. “उद्या उतरू.”

“पिढ्यान् पिढ्या तुम्हीच का मरायचं?” भाऊजी म्हणाले. “तुझी पाळी संपली. आज मी उतरतो.”

खोटं कशाला सांगू, ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोर धरून ते उतरले. माझ्या नवऱ्यानं वरून विचारलं, कशी आहे ज्वारी? ‘चांगली...’ एवढं ऐकू आलं, आणि पुढं काहीच नाही. सगळे एकदम ओरडायला लागले. सटवानं मात्र कडुलिंबाची एक डहाळी मोडली, दोराला बांधून पेवात खालीवर, खालीवर हलवत राहिला, आत हवा खेळावी म्हणून. मग कमरेला दोर बांधून छातीभर श्वास घेतला नि खाली गेला. दोघांना वर ओढलं तेव्हा भाऊजींचं तोंड काळंनिळं पडलं होतं. अव्वांनी जो टाहो फोडला तो अजून माझ्या कानात आहे. बऱ्याच वेळानं भाऊजींनी डोळे उघडले आणि पहिलं काय बोलावं?

“सटवा, तुला कसं कळलं?”

“माझा बाप ह्यातच गेला, मालक. तुमच्याच घरच्या पेवात.”

भाऊजींना हे माहीत नव्हतं. मी नवऱ्याकडं पाहिलं तर ते जमिनीकडं बघत होते. त्यांना माहीत होतं. भाऊजी म्हणाले, मी तुला विचारलंच नाही रे... आणि सगळ्या गावासमोर रडले. मलाही माझ्या मघाच्या अभिमानाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ज्वारी निघाली, टणटणीत, मोत्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला. बायका पाट्या भरू लागल्या तेव्हा माझं लक्ष सटवाच्या बायकोकडं गेलं. ती लांब उभी होती. त्यांना जमीन नाही, म्हणून त्यांची ज्वारी पेवात नाही. मी भाऊजींना विचारलं, सगळ्यांचं पेव म्हणालात, मग ह्यांचं काय? ते उठले आणि पहिली पाटी तिच्या पदरात ओतली. दोन घरांना ते खपलं नाही, त्यांनी पुढं आमच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी ज्यानं त्यानं आपापलं पेव भरलं. आमच्या गावात कम्युनिझम एकच वर्ष टिकला, आणि तोही जमिनीखाली.

त्या दिवसापासून भाऊजी सटवाला ‘तुम्ही’ म्हणायला लागले. सटवालाच ते अवघड जाई. निजाम गेला, गावात पेढे वाटले, आणि मग आपल्याच सरकारनं भाऊजींना कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात घातलं. सुटून आले ते बाज विणायला शिकून. एका चोरानं शिकवली म्हणे. पुढं आयुष्यभर पक्षाचं काम केलं, पण भाषणं देऊन नाही. कुंभाराकडं जाऊन माती कशी ओळखता विचारायचं, सुईणीला पोर आडवं असलं तर काय करता विचारायचं. एका निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, तर घरोघर जाऊन मत का दिलं नाही ते विचारत बसले. रशिया मोडला तेव्हा लोक त्यांना भेटायला येत, घरात मयत झाल्यासारखे. मीही गेले. मला वाटलं, खचले असतील. ते म्हणाले, “वहिनी, तिथंही कुणीतरी म्हणालं असेलच की, मालक, आजून वारं फिरलं न्हाय. तो कोण होता, ते मला कळायला पाहिजे.” किती दिवस ते जाडजूड पुस्तकांत त्या माणसाला शोधत होते. सापडला नाही.

फोन आला त्याच दुपारी आम्ही गावी पोचलो. अंत्यविधीचं त्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. मेल्यावर मला काय कळणार, तुमचं तुम्ही ठरवा, म्हणायचे. तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवूनच पुरायचं ठरलं. खड्डा तयार झाला. आधी कुणाला तरी आत उतरून देह हातांवर घ्यावा लागतो. आमच्यातले दोघं पुढं झाले, तेवढ्यात सटवाचा मुलगा माणिक गर्दीतून आला. सटवा जाऊन बरीच वर्षं झाली. हा शाळामास्तर होऊन आता निवृत्त झालाय. तो खड्ड्याकडं गेला नाही. चपला काढून आधी माझ्याकडं आला, कारण घरात थोरली आता मीच. दोघातिघांनी भुवया चढवल्या, ते मला दिसलं.

“काकू,” तो म्हणाला, “मी उतरू का?”

मी म्हटलं, “उतर बाबा. पर सावकाश.”